बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी

ईरा आणि नील,

तुमचा राजगडाचा बेत पोचला. नीलने तो नकाशासकट, रंगीत रेघा मारून पाठवलाय. पहाटे कोथरूडहून निघायचं, चोरदरवाजाने वर जायचं, पद्मावती माची, बालेकिल्ला, सुवेळा, संजीवनी, सगळं एका दिवसात करायचं आणि रात्री जेवायला घरी यायचं. काय जेवायचं तेही त्यात आहे. बेत व्यवस्थित आहे, आणि व्यवस्थित गोष्टी मला आवडतात हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी तो वाचून मी दमले. हल्ली मी पुष्कळ गोष्टी नुसत्या वाचून दमते, वर्तमानपत्रापासून औषधाच्या पाकिटापर्यंत, त्यामुळे त्याचं विशेष नाही. पण या बेतात एक प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. तुमच्यातलं सगळ्यात हळू कोण चालतं?

हा प्रश्न नलूताई मोघ्यांचा. गडाचा बेत करायला बसल्या की त्यांची सुरुवात इथूनच व्हायची. तुम्ही डिसेंबरात येण्याआधी त्यांच्याबद्दल तुम्हाला सांगून ठेवावं असं मनात आलं, म्हणून लिहायला बसले आहे. नलूताई आता नाहीत. त्यांचे यजमानही नाहीत. त्यांच्या फ्लॅटमध्ये आयटीतलं एक जोडपं राहतं. बाल्कनीत त्यांच्या सायकली टांगलेल्या दिसतात. क्रमाने लिहायची माझी सवय इथे उपयोगाची नाही, कारण नलूताईंच्या लहानपणाबद्दल मला जवळजवळ काही माहीत नाही. त्या अमरावतीकडच्या होत्या, लग्न होऊन पुण्यात आल्या, आणि ज्या गावात टेकडीही नाही अशा गावात वाढल्यामुळे डोंगर दिसला की थांबून बघायच्या. त्यांनी स्वतःबद्दल मला आपणहून सांगितलेलं इतकंच.

पेठेतल्या मुलींच्या एका शाळेत त्या भूगोल शिकवत आणि मी इंग्रजी. त्या माझ्याहून काही वर्षांनी मोठ्या. पुढे आम्ही दोघी कोथरूडला राहायला आलो, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. दोघीही निवृत्त झालो. भाजीला एकत्र जायला लागलो. पण जन्मभर आमचं अहोजाहोच राहिलं. त्या मला 'इंग्लिशबाई' म्हणत. माझं नाव त्यांना नक्की माहीत होतं, कारण माझ्या नावाने आलेलं कुरियर त्या एकदा घेऊन आल्या होत्या. ते हातात देतानाही म्हणाल्या, "इंग्लिशबाई, तुमचं काहीतरी आलंय."

चणीने लहान, आवाजाने कोरड्या. सुती पातळ घोट्याच्या वर खोचलेलं, पायात मुली पीटीला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात काठीऐवजी लांब दांड्याची छत्री. ही छत्री उन्हापावसात उघडलेली मी फारशी पाहिली नाही. ती दाखवायला असायची. "ती डोंगराची सोंड दिसतेय ना, तिच्यावरून," असं म्हणून त्या छत्रीचं टोक हवेत धरायच्या आणि चाळीस मुली त्या टोकाच्या दिशेने माना वळवायच्या.

त्या शाळेच्या मुलींना दर हिवाळ्यात एका गडावर नेत. मुलींबरोबर आम्ही दोघीतिघी शिक्षिका, कधी एखादे पालक. गडाचा बेत स्टाफरूमच्या टेबलावर होई, आणि त्यासाठी कागद लागत नसे. खडूंची पेटी म्हणजे बालेकिल्ला. तिच्या उत्तरेला डस्टर, ती पद्मावती माची. पूर्वेला फूटपट्टी, ती सुवेळा. पश्चिमेला नकाशा दाखवायची काठी, ती संजीवनी. मग त्या आम्हाला विचारत, सगळ्यात हळू कोण. आम्ही वर्गातल्या एखाद्या जाड मुलीचं नाव घ्यायचो, किंवा दम्याच्या मुलीचं. त्या मुलीच्या चालीने सगळा हिशेब व्हायचा: कुठे बसायचं, कुठे पाणी, किती वाजता कुठे. एकदा खेळाच्या बाईंनी तक्रार केली की धावणाऱ्या मुलींना याचा कंटाळा येतो. नलूताईंनी डस्टर नीट सरळ केलं आणि म्हणाल्या, "कंटाळा आलेली मुलगी चालू शकते. दमलेली चालू शकत नाही. आपण कुणाची काळजी करायची?"

चालताना त्या सगळ्यांच्या शेवटी असत. त्यांच्या मागे कुणी राहायचं नाही, हा नियम मुख्याध्यापिकांनाही लागू होता. आणि 'थकले' हा शब्द त्यांच्यासमोर चालत नसे. कुणी म्हटलं, बाई, मी थकले, की त्या विचारत, "काय थकलंय? पाय, श्वास की मन?" पाय म्हटलं तर बसवत. श्वास म्हटलं तर पिशवी काढून घेत. मन म्हटलं तर त्या मुलीच्या शेजारून चालायला लागत आणि तिला घरी काल काय भाजी होती ते विचारत. 'थकले' हे उत्तर झालं नाही, असं त्या म्हणत, परीक्षेत अर्धवट उत्तर लिहिणाऱ्या मुलीला म्हणावं तसं.

निघायच्या आदल्या दिवशी पिशव्यांची तपासणी असे. एकेकीने पिशवी टेबलावर उपडी करायची. जास्तीची साडी, लोणच्याची बरणी, आरसा, सगळं त्या बाजूला काढत. पण प्रत्येकीला एक चैनीची वस्तू न्यायची मुभा होती. एकच. ती कितीही निरुपयोगी असली तरी त्या हसत नसत. एका मुलीने एकदा लोकरीच्या पायमोज्यांचं अर्धवट विणकाम आणलं होतं, सुयांसकट. नलूताईंनी ते हातात घेऊन पाहिलं, सुयांच्या टोकांना बूच लावायला सांगितलं आणि पिशवीत परत ठेवलं. माझी चैन म्हणजे उशीचा अभ्रा. मला परक्या जागी, बसच्या खिडकीलासुद्धा, डोकं टेकवताना आपलं काहीतरी लागतं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "धुतलेला आहे ना?" त्यांच्या स्वतःच्या पिशवीत एक थर्मास असायचा. त्यात काय असतं ते पुष्कळ वर्षं मला माहीत नव्हतं.

त्यांचा सगळ्यात कडक नियम बारा वाजताचा. दुपारी बारा वाजता गट जिथे असेल तिथून मागे फिरायचं. गड हाकेच्या अंतरावर असला तरी. कारण उतरणं उरलेलं असतं, आणि माणूस पडतो तो उतरताना. एकदा तोरण्याला आम्ही बारा वाजता बिनी दरवाजाच्या खाली होतो. बरोबर एका मुलीचे वडील होते, बँकेत मोठ्या हुद्द्यावरचे. ते म्हणाले, अहो, दरवाजा समोर दिसतोय.

"दिसतोय ना? मग झालं," नलूताई म्हणाल्या. "गड कुठे जात नाही. आपली बस जाते."

सगळ्या मुली मुकाट्याने फिरल्या. ते गृहस्थही फिरले. खाली वेल्ह्याला आलो तर बस नाही. ती तासभर उशिरा आली. तो सगळा तास ते गृहस्थ पुन्हा पुन्हा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले, सगळ्यांना दिसेल असे. शेवटी नलूताईच म्हणाल्या, "आपण वर गेलो असतो तर वेळेवर आली असती."

आता थर्मासचं सांगते. तुमचा बाबा झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी राजगडाला गेले होते. अंगात ताकद आलेली नव्हती, पण घरात बसून विटले होते. बालेकिल्ल्याच्या कड्याखाली पोचलो आणि वर पाहिलं. शेवटचा टप्पा तुम्ही फोटोत पाहिला असेल. उभा खडक, खोदलेल्या पायऱ्या. मी तिथेच खाली बसले. नलूताईंनी मुलींना दोन शिक्षिकांबरोबर वर पाठवलं आणि त्या माझ्याजवळ कड्याच्या सावलीत बसल्या. मला फार ओशाळल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, तुम्ही जा, मी बसते एकटी. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला आणि झाकणात कॉफी ओतली. जायफळ घातलेली, बऱ्यापैकी गोड, अजून वाफाळणारी. ती कॉफी मी अजून विसरले नाही.

वरून मुलींचे आवाज येत होते. मी सहज विचारलं, वर काय आहे?

"पाहिलं नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, चेष्टा करतायत. दर वर्षाआड त्या राजगडाला येत होत्या. टेबलावर खडूंची पेटी ठेवून त्या आम्हाला पेटीपर्यंतची वाट दगडादगडाने सांगत. मग माझ्या लक्षात आलं की पेटीच्या वरचं त्यांनी कधीच काही सांगितलेलं नव्हतं. वर्गातसुद्धा नाही. स्वतः न पाहिलेलं सांगायचं नाही, ही त्यांची आणखी एक शिस्त होती. दर खेपेला कुणी ना कुणी खाली राहायचं आणि एकटीला सोडायचं नाही म्हणून त्या राहायच्या. एका वर्षी कुणीच राहिलं नव्हतं, म्हणून त्या शेवटी चढायला लागल्या, तर मध्यावर एक मुलगी खडकाला चिकटून रडायला लागली. तिला घेऊन त्या उतरल्या.

पुढे मी वेगवेगळ्या बॅचच्या मुलींना विचारलं. गड पूर्ण चढलेल्या मुलींना नलूताईंच्या कॉफीचा पत्ताच नव्हता. ज्या खाली राहिल्या त्यांनाच ती माहीत. मंगल कार्यालयात, दवाखान्यात, भाजी घेताना अशी एखादी बाई भेटायची, आणि जुन्या शाळेचा विषय निघाला की दबक्या आवाजात विचारायची, तुम्ही कधी प्यायलात का हो ती कॉफी?

मग निवृत्ती आली आणि त्याच सुमाराला मोघ्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पण पाय नाही आला. मोघे टेलिफोन खात्यात कारकून होते, अतिशय गमतीदार गृहस्थ. त्यांनी आयुष्यात पर्वतीसुद्धा चढलेली नव्हती. गड पायथ्यावरूनच चांगले दिसतात, असं ते म्हणायचे. आता त्यांचा पलंग हॉलमध्ये आला, टेबलाला लागून. मूल नव्हतं. दिवसा रुग्णसेवेच्या ब्यूरोतून शिंदेमामा नावाचे मध्यम वयाचे गृहस्थ यायचे, रात्री नलूताई एकट्या. त्यांचं बाहेर पडणं अर्ध्या दिवसापुरतं उरलं. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा बसल्या जागी डुलकी घेताना पाहिलं, हातात अर्धी सोललेली शेंग तशीच.

पण गडाचा बेत थांबला नाही. रोज संध्याकाळी शिंदेमामा गेले की त्या जेवणाच्या टेबलावर राजगड मांडायच्या. उलटी स्टीलची वाटी, तो बालेकिल्ला. ताटली, लाटणं, झारा, या माच्या. दिशा काटेकोर, ताटलीखाली उत्तर आलीच पाहिजे. मोघे पलंगावरून बघत असायचे. मी असले तर मीही. आज पाली दरवाजाने जाऊ, त्या म्हणायच्या, पायऱ्या रुंद आहेत, तुम्हाला बरं पडेल. आणि निघायच्या. वाटेत कुठे झाड आहे, कुठे पाणी, कुठे वारा लागतो. मोघे मधेच म्हणायचे, थांब, दम लागला. त्या विचारायच्या, पाय की श्वास? मोघे म्हणायचे, पाय. त्या थांबायच्या. खरोखर थांबायच्या, दोन-तीन मिनिटं कुणी बोलत नसे. मग पुढे. असं करत वाटीपाशी आलं की बेत संपायचा.

"वर काय आहे?" मोघे विचारायचे.

"पाहिलं नाही," नलूताई म्हणायच्या आणि भांडी उचलायला लागायच्या. वाटी सगळ्यात शेवटी.

हे कितीतरी वर्षं चाललं. एके दिवशी मोघे म्हणाले, तू एकदा बघून ये आणि मला सांग. त्यांनी ते थट्टेने म्हटलं नव्हतं. नलूताईंनी हात झटकल्यासारखं केलं, पण त्या दिवसापासून त्या मनाने जायला लागल्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघ्यांवर पट्टे, आणि तरी भाजी आणायला जाताना सोसायटीचा जिना उतरायच्या आणि येतानाही लिफ्ट सोडून द्यायच्या.

याच दिवसांत एकदा त्या चहा करायला आत गेल्या असताना मोघ्यांनी मला डाव्या हाताने जवळ बोलावलं.

"बाई, मी वर जाऊन आलोय," ते म्हणाले.

मला कळेना. त्यांनी शिंदेमामांकडे डोळ्यांनी खूण केली. शिंदेमामा ओशाळून हसले. दुपारी नलूताई झोपल्या की शिंदेमामांच्या मोबाइलवर दोघं राजगडाचे व्हिडिओ बघायचे. कुणीही पोरं कॅमेरा घेऊन वर जातात आणि सगळं दाखवतात. मोघ्यांना वरचं सगळं पाठ झालं होतं.

"तिला सांगू नका," ते म्हणाले. "मला पाहायचंय म्हणून ती जातेय. मी पाहिलंय हे कळलं तर स्वतःसाठी ती सोसायटीच्या गच्चीवरसुद्धा जाणार नाही."

मी कुणाला सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगते आहे.

त्या हिवाळ्यात बेत ठरला. वैशाली नावाची आमची जुनी विद्यार्थिनी, हडपसरला क्लासेस चालवते, ती गाडी घेऊन येणार होती. शिंदेमामा रात्रीपर्यंत थांबायला तयार झाले. टेबलावर गड मांडून नलूताईंनी विचारलं, सगळ्यात हळू कोण. वैशालीने माझ्याकडे पाहिलं, मी लाटण्याकडे.

"मी," नलूताई म्हणाल्या. "बोलायला घाबरताय कशाला?"

आणि मग त्यांनी स्वतःच्या चालीने हिशेब केला, इतर कुणाचा करत तसाच, कुठे काही सोडून न देता. पाली दरवाजाने. दर वळणावर बसायचं. बालेकिल्ल्याखाली अकराच्या सुमाराला पोचलं तर वर जाऊन यायला तास मिळतो. जेमतेम बसत होतं. आदल्या दिवशी पिशव्यांची तपासणी झाली, आम्ही तिघीच असूनही. माझ्या अभ्र्यावर त्या काही बोलल्या नाहीत. आपला थर्मास मात्र त्यांनी माझ्या पिशवीत ठेवला. म्हणाल्या, "खाली तुम्ही बसणार. मग थर्मास तुमच्याकडे पाहिजे."

मी खाली बसणार हे उघडच होतं. त्यांनी वर जायचं ठरवलंय हेही त्या एका वाक्यात आलं होतं.

चढायला लागलो तेव्हा ऊन कोवळं होतं. वैशाली पुढे, मी मधे, त्या शेवटी. त्यांनी जागा बदलली नाही. पण आता पुढे चालणाऱ्यांना थांबावं लागत होतं, आणि थांबलो की मागून छत्रीचा आवाज यायचा, दगडावर टेकल्याचा. ती छत्री त्या दिवशी काहीही दाखवत नव्हती. वाटेत तुमच्या वयाची मुलं आमच्या बाजूने चढून गेली, स्पीकरवर गाणी लावून. त्यातल्या एकाने "आजी, सावकाश हं," म्हटलं. "आमच्याकडे दुसरा वेग नाही," नलूताई म्हणाल्या. तो हसला, पण मी वळून पाहिलं तर त्यांच्या ओठांभोवती पांढरं पडलं होतं.

पाली दरवाजा, मग माची, मग कड्याच्या कडेने जाणारी वाट. बालेकिल्ल्याखाली पोचलो तेव्हा बारा वाजायचे होते, पण फार नाही. हिशेब चुकला होता. त्यांच्या पायांनी त्यांचा हिशेब चुकवला होता. सावलीतला तो दगड अजून तसाच होता. मी बसले. त्या बसल्या नाहीत. छत्रीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी वर पाहिलं. आता तिथे लोखंडी कठडे लावलेत. लोक धरून धरून चढत होते. पेपर तपासताना उत्तर पुन्हा पहिल्यापासून वाचावं तसं त्यांनी तो खडक खालून वर, वरून खाली पाहिला.

वैशाली म्हणाली, बाई, मी मागून धरते, तुम्ही फक्त कठडा पकडा, वीस मिनिटांत वर पोचू. एक दिवस नियम राहू दे बाजूला. तिचे डोळे भरून आले होते. तीही एके वर्षी इथेच खाली बसलेली मुलगी होती.

"चढेन मी," नलूताई म्हणाल्या. "उतरणार नाही."

आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. पाय पुढे सोडले. कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या सैल केल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "थकले."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. मी त्यांचाच प्रश्न विचारला. काय थकलंय?

त्यांनी खराच विचार केला. पायांकडे पाहिलं. छातीवर हात ठेवून पाहिला.

"सगळं," त्या म्हणाल्या.

मी थर्मास काढला. झाकण एकच होतं, ते आम्ही तिघींत फिरवलं. तेच जायफळ. वैशाली म्हणाली, मी पटकन वर जाऊन व्हिडिओ काढून आणते, काकांना दाखवता येईल. नलूताईंनी नाही म्हणून मान हलवली. बारा वाजत आले होते, आणि नियम सगळ्यांना होता. बारा वाजले तेव्हा त्यांनीच आधी नाड्या बांधल्या. उठताना खडकाला हात लावला, भिंतीला धरून उठतात तसा, आणि तो जरा जास्त वेळ तिथेच राहिला. गड कुठे जात नाही, हे त्या दिवशी त्या म्हणाल्या नाहीत. आम्ही म्हणावं असंही आम्हाला वाटलं नाही.

परतीला नवले पुलापाशी गाड्यांची नेहमीची रांग होती. कोथरूडला पोचेपर्यंत दिवे लागले. वैशालीने आम्हाला मोघ्यांच्या फाटकाशी सोडलं. तिला हडपसरपर्यंत पुन्हा तीच गर्दी होती. त्या दिवशी नलूताई लिफ्टने वर गेल्या.

दार शिंदेमामांनी उघडलं. मोघे उशांना टेकून बसले होते, दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. आणि टेबलावर गड मांडून ठेवलेला होता. ताटली, लाटणं, झारा, मधोमध उलटी वाटी. शिंदेमामांनी मांडला होता, मोघ्यांनी सांगितलं तसा. मोघ्यांनी नलूताईंकडे नुसतं पाहिलं.

त्याच म्हणाल्या, "पाहिलं नाही. बारा वाजले."

"बरं," मोघे म्हणाले.

शिंदेमामांनी गरम पाण्याचं घमेलं आणून ठेवलं आणि चपला घालून निघून गेले. नलूताई खुर्चीत बसल्या, पाय पाण्यात सोडले, डोळे मिटले. मी जायला हवं होतं, पण माझेही पाय उचलत नव्हते. मोघ्यांनी डावा हात लांब करून वाटी स्वतःकडे ओढली. वाटी टेबलावर वाजली.

"तर आपण पायथ्याशी आहोत," ते म्हणाले. "कठडा धरायचा. पायऱ्या उंच आहेत, पण खोदलेल्या आहेत, पाय मावतो. वर दरवाजा लागतो. दगडी कमान. त्यावर कमळ कोरलंय. आत गेलं की पुढे तळं आहे, चंद्रकोरीसारखं."

नलूताईंनी डोळे उघडले नाहीत. "तुम्हाला कसं माहीत?"

"शिंदेच्या फोनवर पाहिलं."

"कधी?"

"झाली दोन-तीन वर्षं."

पाणी हलायचं थांबलं. मला वाटलं, आता त्या काहीतरी असं बोलतील की ते पुन्हा मागे घेता येणार नाही. रोज संध्याकाळी इतकी वर्षं वाटीपाशी थांबणारी बाई, आणि समोरचा माणूस कधीच वर जाऊन आलेला. नलूताईंचा चेहरा अगदी दमलेला होता. त्यावर राग यायलाही जागा नव्हती.

"पुढे तळं म्हणजे कुठे?" त्या म्हणाल्या. "दिशा सांगा. उत्तर कुणीकडे?"

मोघे गडबडले. त्यांनी वाटीकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, मग वाटी हळूच थोडी फिरवली आणि पुन्हा दरवाजापासून सुरुवात केली. त्यानंतर मी नलूताईंना पुष्कळदा पाहिलं, दवाखान्यातही पाहिलं. पण मला त्या आठवतात त्या अशा: पाय घमेल्यात, मान खुर्चीच्या पाठीवर, डोळे मिटलेले, कपाळाला आठी, कारण सांगणाऱ्याच्या दिशा चुकत होत्या.

मी रिकामा थर्मास ओट्यावर ठेवला. बाहेर पडून दार ओढून घेत असताना आतून मोघ्यांचा आवाज आला.

"थांबू का? पाय की श्वास?"

"चला तुम्ही," नलूताई म्हणाल्या. "मी आहे मागे."